पळत्या मादीचा माग

मी एक म्हातारी, माग काढणारी कुत्री आहे. माझं नाव तुवा. मित्रांनो, तुमच्याकडची कुत्री घर राखतात. माझं काम निराळं होतं. आमच्या उत्तरेकडच्या रानात पानं पिवळी पडू लागली की मूसची शिकार सुरू होते. मूस म्हणजे घोड्याहून उंच, लांब पायांचं हरीण. एखादं मूस गोळी लागूनही पळालं, तर त्याचा माग मी काढायचे. माझा लांब पट्टा धरून मागून माझी मालकीण गुनवर यायची. जनावर सापडलं की ती त्याचे हाल संपवायची.

या कामानं मला संशयी करून सोडलं. "हुकली, लागलीच नाही," असं शिकारी किती सहज म्हणतात. आणि तिकडे दूर एखाद्या झाडाखाली ते जनावर धापा टाकत पडलेलं असतं. म्हणून मी माणसाचं बोलणं ऐकून घेते, पण त्याला हुंगल्याशिवाय राहत नाही.

माझं कौतुकही पुष्कळ झालं. सगळ्यांत जास्त करायचा तो गुनवरचा थोरला भाऊ यंग्वे. "तुवा आहे म्हणून आपल्याला शांत झोप लागते," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि मला सॉसेजचा तुकडा द्यायचा. नेमबाजीच्या मैदानावर रुळावरून पळणारं लाकडी मूस असतं. त्याच्यावर यंग्वेची गोळी कधी चुकली नाही. सगळे त्याला मानायचे.

त्या सकाळी रानात एकच बार वाजला. थोड्या वेळानं सगळे शेकोटीपाशी कॉफीला जमले. गुनवरचा जावई टागे पहिल्यांदाच शिकारीला आला होता. यंग्वेनं त्याला लगेच धारेवर धरलं.

"काय जावईबापू, मादी नाकासमोरून गेली म्हणे. तू तिला नमस्कार करत होतास का?"

"पळत होती, मामा. मागे पिल्लू होतं. मला खात्री नव्हती."

"खात्री घरी बसून करायची. रानात मूस तुझ्यासाठी थांबत नाही."

हसू उसळलं. टागे मान खाली घालून कॉफी पीत राहिला.

"आणि तू झाडलीस ती?" गुनवरनं भावाला विचारलं.

"हुकली. दलदलीच्या पलीकडून भरधाव चालली होती. जाऊन बघून आलो मी. तिथे तिचा केससुद्धा पडलेला नाही."

मी त्याच्याजवळ गेले. त्याच्या उजव्या बुटाला शेवाळ चिकटलं होतं, आणि त्या शेवाळाला ताज्या रक्ताचा वास होता. मी बूट चाटू लागले. यंग्वेनं पाय आखडून घेतला.

"हिला आवर गं. म्हातारपणी काहीही चाटत सुटते."

गुनवर माझ्याकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. तिनं उरलेली कॉफी ओतून दिली.

"पट्टा दे, टागे, आणि तूही चल. यंग्वे, गोळी झाडलीस ती जागा दाखव."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही तुझा?"

"तू दाखव तर."

वाटभर तो पुढे चालत होता. त्याच्या घामाला भीतीचा वास येत होता. दलदलीच्या काठी एका ठिकाणी शेवाळ उलटंपालटं झालं होतं. मी ते नाकानं बाजूला सारलं. खाली रक्त होतं, आणि हाडाची बारीकशी कपची.

गुनवरनं ती कपची उचलून भावाच्या तळहातावर ठेवली. "यावर शेवाळ तू ओढलंस?"

त्यानं मूठ मिटली.

मी माग धरला. तीन पायांवर चाललेल्या जनावराचा माग कसा असतो, हे मला सांगता येणार नाही. ओढे आणि पडलेली झाडं ओलांडत मादी फार लांब गेली होती. जिथे जिथे ती टेकली होती, तिथे तिथे शेजारी पिल्लाचेही खूर उमटले होते. मागून यंग्वेचा श्वास ऐकू येत होता. परत जातो, असं तो एकदाही म्हणाला नाही.

एका मोठ्या देवदाराखाली ती सापडली. पुढचा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. उठायला गेली आणि पडली. गुनवरनं जवळ जाऊन एकाच गोळीत तिला सोडवलं.

पिल्लू पळालं नाही. आईच्या पाठीला नाक लावून उभं राहिलं.

"हिवाळ्यात हे एकटं जगणार नाही," गुनवर हळू आवाजात म्हणाली. "हेही तुलाच करावं लागेल, यंग्वे."

"टागेला सांग."

"टागेनं आज काहीच बिघडवलं नाही."

यंग्वेनं बंदूक वर केली. ते समोर स्थिर उभं होतं, तरी त्याला नेम धरायला फार वेळ लागला. गोळी बरोबर लागली. मग त्यानं वॉकीटॉकी काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी गोळी मादीला लागली होती. पळत होती तरी झाडली. रक्त दिसलं, ते मी झाकलं. टागे बरोबर होता."

टागेनं पुढे होऊन सुरी काढली, आणि दोघं मिळून जनावरं सोलायच्या कामाला लागले.

आता माझं नाक मंद झालं आहे. गुनवरनं तरुण कुत्रा आणला आहे. मला फारसं कुणी विचारत नाही. चुलीशी पडून मी बुटांचे आवाज ऐकते. आल्यागेल्याचा संशय अजून घेते. ती खोड आता जाणार नाही.

मित्रांनो, तुमच्या हाती बंदूक कदाचित कधी येणार नाही. पण गलोल येईल, दगड येईल, आणि समोरून एखादी खार पळेल. आपला नेम चांगला आहे असं त्या वेळी प्रत्येकालाच वाटतं. लागला की नाही, हे तिच्या मागे जाऊन बघायची तयारी नसेल, तर तो दगड हातातच राहू द्या.