पाठीवरचा पांढरा पट्टा

नातलग पोचेपर्यंत मृतदेह टिकवून ठेवण्याचं काम करणाऱ्या त्या बाईंना सगळे चौकसबाई म्हणत, आणि ते उगाच नव्हतं. नसत्या चौकशा ही त्यांची जन्माची खोड. काविळीचा पिवळा, पोटाशी चढू लागलेला हिरवा, गारठ्यात पडून राहिलेल्याचा गुलाबी, कातडीवर कुठलाही रंग दिसला की तो आला कुठून, हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

त्या दिवशी त्यांनी एका म्हातारबुवांना पुसून घ्यायला कुशीवर वळवलं आणि नेमकी बुवांची मुलगी कपडे घेऊन आत आली. काळीनिळी पाठ बघून ती किंचाळलीच.

"मारलंय बाबांना! बघा तुमचे प्रताप!"

हे मागोमाग आलेल्या सावत्र आईला होतं.

"मार नाही हा, ताई," चौकसबाई म्हणाल्या. "हृदय थांबलं की रक्त खाली उतरतं. माणूस उताणा असला तर पाठीत साठतं. जिथे अंगाचा भार पडतो तिथे मात्र शिरत नाही. ही खांद्याच्या हाडांवरची कातडी बघा, पांढरीच आहे. मारणारा काय हाडं चुकवून मारतो?"

मुलगी वरमली, पण हटली नाही. "बरं, मारलं नसेल. पण त्या जवळ नव्हत्या. मी सकाळी आले तर बाहेरच्या खोलीत बसलेल्या! बाबा एकटे गेले." मग सावत्र आईकडे न बघताच म्हणाली, "उद्या अंत्यविधीला तुम्ही येऊ नका. त्यांना निरोप आम्ही देऊ."



खरं तर चौकसबाईंनी गप्प बसायचं. लोकांच्या घरची भांडणं त्यांच्या कामात मोडत नाहीत. पण पाठीवरचा एक पट्टा त्यांना मघापासून छळत होता. काळ्यानिळ्यातून आडवा गेलेला, पांढरा, आणि टोकाशी गोल. काठी म्हणावी तर रुंद, उशी म्हणावी तर अरुंद. त्यांनी वाकून तो बोटांनी मापला.

"वहिनी, हे झोपले होते कशावर?"

सावत्र आईने उजवा हात पाठीमागे नेला. हे चौकसबाईंच्या नजरेतून सुटतंय थोडंच! त्यांनी तो हात हळूच धरून पट्ट्याशेजारी आणला. कोपरापासून मनगटापर्यंत पट्टा तंतोतंत जुळला, आणि गोल बरोबर घड्याळाशी आला.

"औषधाची वेळ चुकू नये म्हणून घालूनच झोपते," सावत्र आई पुटपुटली.

"म्हणजे रात्रभर तुम्ही..." मुलीचा आवाज खाली आला. "मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? माणूस गेला आणि मला सकाळपर्यंत कळलंही नाही, हे?" सावत्र आईला रडू फुटलं. "हाताला मुंग्या आल्या होत्या गं. पण किती दिवसांनी डोळा लागला होता त्यांचा. हात ओढला असता तर जाग आली असती."

मुलीने कपडे खुर्चीवर ठेवले. तो हात तिने आपल्या हातांत घेतला आणि कोपरापासून बोटांपर्यंत चोळत राहिली.

"उद्या लवकर निघायचंय आपल्याला," ती म्हणाली.