नळीतली हळद

खंडेनवमीला धारजवळच्या पीथमपुरातल्या एका औषध कारखान्यात यंत्रं पुजतात. गोदाम सांभाळणाऱ्या श्रेयसच्या अंगात उत्साह जरा जास्तच. त्यानं रसायनांची पिंपंसुद्धा घासूनपुसून धुतली, हळदीकुंकवाची बोटं ओढली. त्या धुण्यात दोन पिंपांची लेबलं सुटली. ती वाळवून त्यानं परत चिकटवली आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर त्यातलं एक पिंप गोळ्यांवर चढवायच्या लेपासाठी पाठवूनही दिलं.

सुरकुतलेलं लेबल अल्पनाच्या नजरेला पडलं आणि तिनं श्रेयसला गाठलं. ती इथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट, श्रेयसची थोरली बहीण. तिच्याच शब्दावर तो लागला होता. मागच्याच महिन्यात पक्का झाला, तर देवासला आईनं गल्लीभर पेढे वाटले होते.

"बरोब्बर चिकटवलीत मी, ताई. आईची कसम!" तो म्हणाला.

एका पिंपात आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुसऱ्यात एन-प्रोपिल. अणू तेच आणि तेवढेच. एकाचा ओएच गट मधल्या कार्बनवर, दुसऱ्याचा टोकाच्या. दिसायला सख्खी भावंडं. लेपाला मात्र आयसोप्रोपिलच लागतं, आणि लेप थोड्याच वेळात चढायला लागणार होता.

पाठवलेल्या पिंपातला नमुना घेऊन तिनं त्यात ल्यूकासचं द्रावण घातलं. आयसोप्रोपिल असतं तर थोड्या वेळानं गढूळ झालं असतं. मेली नळी स्वच्छच राहिली. मग इन्फ्रारेडचा आलेख काढला. ओएचचा रुंद खड्डा आयसोप्रोपिलच्या आलेखाशी जुळला, खालची बारीक नागमोड काही केल्या जुळेना. शहाण्या माणसानं इथंच थांबावं. पण बुडत्याला काडीचा आधार! तिनं आयोडीन आणि कॉस्टिक सोडा घेतला.

"आता पिवळा साका बसला तर आयसोप्रोपिलच, आपण सुटलो," ती म्हणाली. द्रावण नितळच होतं. देवा, पिवळं होऊ दे, एवढंच म्हणत ती गरम पाणी आणायला वळली.

परत आली तर नळी लालभडक. शेजारी श्रेयस, चिमूट पिवळी झालेली.

"पिवळं पाहिजे म्हणालीस ना... पूजेच्या ताटातली टाकली थोडीशी."

"अरे वेड्या, कॉस्टिकमध्ये हळद लाल होते!"

बोलता बोलता तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. लेबलाची खात्री असणारा माणूस नळीत हळद कशाला टाकेल?

"श्रेयस, तू अंदाजानं चिकटवलीस."

त्याला रडू फुटलं. "दोन्ही एकसारखीच दिसत होती गं. लिहून टाक ना ठीक आहे म्हणून. तुझ्या सहीवर कोण शक करतं?"

कोणीच करत नव्हतं. तिला त्याचीच भीती वाटली. तिनं लेप विभागाच्या साहेबांना लावायला फोन उचलला, तसं त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"लेप रोकिए, सर. ड्रम गलत है."

"लेबल किसने लगाया?"

अल्पनानं डोळे मिटले आणि भावाचं नाव सांगितलं. मनगटावरची पकड सुटली. तिथं त्याची पिवळी बोटं उमटली होती.