दोन खाणींची यादी

प्रमोदिनीनं वायरचं एक टोक जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलं, दुसरं नव्याच्या, आणि दोन्ही पडदे दिसतील अशी मधोमध उभी राहिली. जुन्या मशीनच्या फ्लॉपी जेवणाच्या ताटलीएवढ्या. नवीच्या फटीत त्या शिरतच नव्हत्या, आणि शिरल्या असत्या तरी त्यांच्यावर मजकूर ठेवायची रीतच निराळी, नवीला एक अक्षर वाचता आलं नसतं. म्हणून ही वायर.

खाण कंपनीच्या शहरातल्या सदर वस्तीतल्या ऑफिसात नवी मशीन आली तेव्हा साहेबांनी पेढे वाटले होते. जुनी आज ट्रकनं दुसऱ्या शाखेत जाणार होती. एकच फाइल उतरवायची राहिली होती, आणि सगळ्यांत मोलाची तीच होती. ज्यांच्या छातीत कोळशाची धूळ बसली, ज्यांना डॉक्टरांनी खाली उतरायला कायमची मनाई केली, त्या कामगारांची यादी. तपासणीचे कागद मागच्या पावसाळ्यात गोदामात भिजून लगदा झाले होते. डॉक्टरही गाव सोडून गेले होते. यादीत आधी एक नंबरची खाण, मग दोन नंबरची. दोन नंबरच्या चौऱ्याऐंशी नावांत शेवटचं नाव प्रमोदिनीच्या बापाचं, रामाजीचं होतं.

यादी महादेवरावांनी टाइप केलेली. वीस वर्षं रजिस्टरं लिहिलेला हा माणूस कॉम्प्युटरवर आला, पण रजिस्टर काही त्याच्या हातातून सुटलं नव्हतं.

"काका, हे काय आहे जी?" प्रमोदिनीनं एक नंबरच्या शेवटच्या नावाखाली बोट ठेवलं.

"समाप्तीची खूण. रजिस्टरात दुहेरी रेघ मारत होतो ना, तशी. एक खाण संपली का मारली, मंग दुसरी सुरू. इतकी वर्षं झाली, मशीननं कधी कुरकुर नाही केली."

जुनी मशीन होती समजूतदार, ती खूण ओलांडून पुढे वाचत जायची. प्रमोदिनीनं बटण दाबलं. नव्या पडद्यावर कॉपी पूर्ण झाल्याचं लगेच उमटलं.

"इतक्यात झालं?"

"नवी आहे वं ते. साहेबानं उगाच पेढे वाटले काय?"

तिला हसू आलं. तिनं नव्या मशीनवर फाइल उघडली, पहिल्या पानावरची नावं जुन्याशी ताडून पाहिली. सगळी बरोबर होती. तेवढ्यात केबिनमधून साहेबांचा आवाज आला. ट्रक साडेतीनला निघतोय, फ्लॉपी कोऱ्या करूनच द्या, ऑफिसची माहिती बाहेर जाता कामा नये. तिनं एकेक फ्लॉपी घातली आणि पुसली.

शनिवारी संध्याकाळी ती इंदोऱ्यात घरी आली तेव्हा रामाजी ओट्यावर बसून खाणीतल्या बुटांना तेल लावत होता. दोन वर्षं हे बूट खाटेखाली पडून होते; मनाई झाल्यापासून त्याला खाणीच्या तोंडाशी, खाली जाणाऱ्यांच्या बत्त्या पुसायचं काम होतं.

"बाबा, हे काहून काढले?"

"सोमवारी खाली उतरतो. नवी यादी आली. माहं नाव नाही त्यात. माहंच काय, आमच्या खाणीतलं एकाचंही नाही. सारे बरे झालो म्हणते तुही मशीन!"

तो हसला, हसता हसता खोकला. खोकला थांबेपर्यंत ती पायरीवरच उभी राहिली. मग त्याच्याजवळ ओट्यावर बसली. नव्या मशीनला ती खूण म्हणजे अख्ख्या फाइलचा शेवट वाटला होता. एक नंबरची नावं घेऊन ती तिथंच थांबली होती, आणि आपण एकच पान पाहिलं होतं. तिला स्वतःचाच संताप आला.

"कोणी बरं नाही झालं, बाबा. मशीननं अर्धीच यादी घेतली. जुनी मीच पुसली, माह्या हातानं. मी आत्ताच साहेबाच्या घरी जातो."

"जाशीन. अन् सांगशीन काय? नावं आहेत तुह्यापाशी?"

तिच्यापाशी नव्हती. रामाजीनं हातातला बूट खाली ठेवला.

"कागद घे," तो म्हणाला. "मनाईवाले आम्ही सारे रोज एकाच रांगेत हजेरीले उभे राहतो. पह्यले कवडूचं लिव. त्याची लेकरं लहान आहेत. मंग नत्थू. मंग धोंडबा."

तो डोळे मिटून रांग पाहत होता, ती लिहीत होती. मधे कुठे अडला तर पुन्हा मागच्या नावापासून सुरुवात करायचा. ओट्यावर दिसेनासं झालं तेव्हा तिनं आतून कंदील आणला. शेवटी तो थांबला.

तिनं नावं मोजली, मग पुन्हा मोजली.

"बाबा, त्र्याऐंशीच झाले."

"तितकेच आहेत."

"चौऱ्याऐंशी होते. शेवटचं नाव तुमचं."

"दोन वर्षं दुसऱ्याईच्या बत्त्या पुसून राहिलो, बाई," रामाजी म्हणाला. "जाय आता. साहेब झोपून जाईन."

पेन उघडंच धरून ती कागदाकडे पाहत होती, आणि तो दुसऱ्या बुटाला तेल लावू लागला होता.