अकरावा पाठ

कारभारी मास्तरांचं बाप्तिस्म्याचं नाव पास्काल. पण त्या नावानं हाक मारणारे शहरातल्या लष्करी छावणीतल्या चर्चचे फादर तेवढे एकटेच. बाकी सगळ्या मुलखाला ते मास्तर. पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. दर गुरुवारी मास्तर छावणीतून सायकल हाणत करमाडला जायचे. तिथल्या वस्तीवरची पंधरा-वीस माणसं ख्रिस्ती व्हायला तयार झाली होती. त्यांना लिंबाखाली बसवून प्रार्थना शिकवायच्या, हे मास्तरांचं काम.

काम ते जीव ओतून करायचे, पण शिस्तीचं भूत मानगुटीवर. पाठ बारा. ते ओळीनं शिकायचे, तोंडपाठ म्हणून दाखवायचे, एक अडला तर पुढचा नाही. बारा झाल्याशिवाय फादरांच्या बाप्तिस्म्याच्या यादीत नाव नाही. ह्या हट्टालाही कारण होतं. मागं वैजापूरकडं त्यांनी घाईघाईनं माणसं तयार केली होती. बिशप पाहणीला आले आणि एका म्हाताऱ्याला त्यांनी 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायला सांगितलं. म्हातारा तिसऱ्या ओळीला खंडोबाच्या आरतीत शिरला. बिशप नुसते हसले, पण ते हसू मास्तरांना जन्माचं पुरलं. तेव्हापासून ते म्हणायचे, अर्धवट शिकलेली श्रद्धा म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.

ह्या वर्गात भागूबाई सगळ्यांत ढ. नवरा पान लागून, म्हणजे साप डसून मेला, तेव्हा ती पोटुशी होती. बाळंतपण अडलं तर मिशनच्या सिस्टरबाईंनी जीव वाचवला. त्या उपकारानं ती लिंबाखाली येऊन बसू लागली. वस्तीपासून लांब एका मळ्यात राखणीची झोपडी, कडेवर सहा महिन्यांची चिमी. दिवसभर दुसऱ्याच्या रानात वाकून आलेल्या बाईच्या डोक्यात पाठ राहणार कसे? सातवा, विश्वासाच्या कबुलीचा, तिला काही केल्या येईना. मधेच अडायची आणि ओशाळून हसायची.

ईस्टरला निदान लेकराला तरी पाणी घाला, बाप्तिस्मा द्या, म्हणून ती मास्तरांच्या पायाशी बसली. मास्तर म्हणाले, आईच्या तोंडी प्रार्थना नसेल तर लेकराच्या तोंडी कोण घालणार? तिच्यापायी सगळा वर्ग सातव्यावर खोळंबला होता, तेव्हा आता पंधरा ऑगस्टला मारियेच्या सणाला बघू. त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. चुकीचं नसलेलं बोलणं माणूस किती निर्धास्तपणे बोलून जातो.

मे महिन्यात चिमीला हगवण-ओकारी लागली.

भागूबाई छावणीला पोचली ती दुपारी. सकाळची गाडी चुकली, म्हणून सहा कोसांची वाट ती पायीच तुडवत आली होती. पदराखाली लेकरू, हातात पितळी तांब्या. मास्तर चर्चच्या ओट्यावर पोरांना ओळीत बसवत होते. तिला बघून ते उठले, फादरही बाहेर आले. पदर बाजूला केला तर चिमी गार पडलेली. शहर लागायच्या आधीच गेली होती, आणि ते आईला ठाऊक होतं. तरी ती चालत आली होती.

"वाटंनं सातवा पाठ म्हनत आले, मास्तर," ती म्हणाली. "आता चुकत नाय. हिला पानी घाला."

फादरांनी मान हलवली. मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. भागूबाईनं तांब्या ओट्यावर ठेवला. आत पाणी डुचमळलं. वाटेत लेकराचे ओठ ओले करायला घेतलेलं पाणी, निम्मं अजून शिल्लक होतं. फादरांनी तांब्याकडं बघितलं, मग मास्तरांकडं. मास्तर तांब्याकडं बघेनात.

कारण अकरावा पाठ असा होता: मरणाच्या दारातल्या माणसाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. फादर लागत नाही, चर्च लागत नाही, देणाऱ्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असावा असंही नाही. डोक्यावर पाणी ओतायचं आणि एक वाक्य म्हणायचं.

त्या काळच्या नेमाप्रमाणे बाप्तिस्मा न झालेल्या लेकराला कबरस्तानात जागा नव्हती. कुंपणाबाहेर बाभळीखाली मास्तरांनीच खड्डा खणला. भागूबाई शेजारी बसून सातवा पाठ म्हणत होती. एक शब्द चुकला नाही.

पुढच्या गुरुवारी ती लिंबाखाली सगळ्यांच्या आधी हजर. आणि काय नवल, आता तिला सगळं येऊ लागलं. आठवा एका आठवड्यात, नववा एका आठवड्यात. आपला बाप्तिस्मा झाला की आपली प्रार्थना देव ऐकेल आणि चिमीसाठी काही मागता येईल, अशी तिची समजूत. एकेका पाठानं ती अकराव्याजवळ येत होती आणि मास्तर ते मोजत होते. दहाव्यावर त्यांनी वर्ग तीन आठवडे अडवून धरला. उच्चार नीट नाहीत म्हणाले, अर्थ कळला नाही म्हणाले. माणसं कुरकुरली. जन्मभर एक पाठ गाळला नाही तो माणूस आता पाठाला भिऊ लागला होता.

शेवटी त्यांनी फादरांपुढं मन मोकळं केलं. अकरावा शिकवलाच नाही तर चालेल का, असं विचारलं. तिला कळलं तर ती कशी जगेल?

 "शिकवावा लागेल, पास्काल," फादर म्हणाले. "वस्तीवर अजून लेकरं आहेत."

त्या गुरुवारी मास्तरांनी पाठ शिकवला. खाली मान घालून, घाईघाईनं, कधी नव्हे ते अडखळत. वर्गानं त्यांच्यामागून म्हटला. म्हणताना त्यात भागूबाईचा आवाज नव्हता.

"कुनीबी?" तिनं विचारलं.

"कुणीही."

"माझ्यावानी बाईनं बी? बाप्तिस्मा न झालेल्या?"

"हो."

"आन् पानी? देवळातलंच लागतं का?"

 मास्तर म्हणाले, "कसलंही चालतं."

भागूबाई रडली नाही. तिनं ते एक वाक्य हळूच म्हणून बघितलं: पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते. पहिल्याच झटक्याला बरोबर आलं.

"ह्यो तर लई सोपा पाठ व्हता, मास्तर," ती म्हणाली. "मला आला असता ह्यो."

मग ती उठली, लुगडं झटकलं आणि मळ्याच्या वाटेनं चालती झाली. पुढच्या गुरुवारी झोपडीला कडी होती. कुणी म्हणालं माहेरी गेली, कुणी म्हणालं जालन्याकडं. बाराव्या पाठाला ती आली नाही, आणि ऑगस्टच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

करमाडहून परतताना सायकलवर जपमाळ म्हणत यायची मास्तरांची जुनी सवय. ती त्यांनी मोडली नाही. नमो मारिया, विश्वासाची कबुली, सगळं ओळीनं, जिथल्या तिथं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. यादीत नाव घालावं असं चोख. फक्त पूर्वी म्हणताना कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं, ते वाटणं गेलं होतं. छावणी येईपर्यंत ते म्हणत राहायचे.