स्टेशनावरची थोरली

बाजीराव कंपनीची गाडी चालवायचा आणि सुरेश साहेब मागच्या सीटवर बसून नाटक करायचे. आखातातल्या अल खोरहून अल रय्यानच्या ऑफिसला जायला तास, यायला तास. साहेब मूळचे पुण्याचे, गॅस प्लांटमधले इंजिनियर, पण नाटकाचं वेड काही सुटलेलं नव्हतं. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना एकपात्री प्रयोग करायचा होता आणि तालमीला जागा मिळाली ती ही गाडी. प्रेक्षक एकच, आणि त्याचीही नजर रस्त्यावर.

प्रयोग होता एका अमेरिकन लेखकाच्या जगप्रवासाचा. सव्वाशे वर्षांपूर्वीचा गृहस्थ, पिंजारलेले केस, ओठ झाकून टाकणाऱ्या मिशा. त्याचं नाव बाजीरावाच्या जिभेवर काही केल्या बसेना, म्हणून त्याने त्याला 'मिशीवाले बाबा' करून टाकलं. साहेब आधी हसले, मग स्वतःही तसंच म्हणू लागले.

आणि बाबांची करणी तरी काय वर्णावी! धंद्यात बुडालेले, वय साठीला टेकलेलं, अंगावर गळू, छातीत खोकला. दुसरा कुणी असता तर खाटेवर पडून नशिबाला शिव्या देत बसला असता. बाबांनी बायको आणि मधली मुलगी बरोबर घेतली आणि आगबोटीने पृथ्वीला वळसा घालायला निघाले. गावोगाव रंगमंचावर एकट्याने उभं राहायचं आणि समोरच्यांना पोट धरून हसायला लावायचं, एवढंच भांडवल. ऑस्ट्रेलिया झाला, लंका झाली, मुंबई झाली. बडोद्याला हत्तीवर बसले. दार्जिलिंगचा डोंगर रेल्वेच्या उघड्या ढकलगाडीतून सुसाट उतरले आणि पोरासारखे खूश झाले.

"साहेब, मानूस हाय का वल्ली!" बाजीराव आरशात बघून म्हणायचा. "साठीत आमचा बाप एस्टीत चढायला भ्यायचा."

हे सगळं बाजीराव साठवून ठेवायचा ते शुक्रवारसाठी. शुक्रवारी सुट्टी. सकाळी कामगारांच्या कॅम्पच्या भिंतीच्या सावलीत बसून तो गेवराईजवळच्या आपल्या गावी व्हिडिओ कॉल लावायचा आणि सातवीतल्या बबीताला बाबांची गोष्ट पुढे सांगायचा. ऐकलेलं पायलीभर असलं तर सांगताना खंडीभर होई. बडोद्याचा हत्ती तर त्याच्या तोंडून दोन शुक्रवार चालला. तीन वर्षं त्याने पोरीला समोरासमोर पाहिलं नव्हतं. आधी करोना आडवा आला, मग फुटबॉलच्या वर्ल्डकपची घाई. शाळा, अभ्यास, जेवलीस का, हे विषय पाच मिनिटांत संपायचे. बाबा आल्यापासून पोरगी तासभर फोन सोडत नसे. त्याबद्दल बाजीराव मिशीवाल्या बाबांचा जन्माचा ऋणी झाला होता.

त्यातच एक मानाची गोष्ट घडली. वर्ल्डकपला खेळाडूंच्या बस चालवण्यासाठी कंपनीने आपले पट्टीचे ड्रायव्हर निवडले, त्यात बाजीरावाचं नाव आलं. ऑगस्टभर ट्रेनिंग. कॅम्प बॉसने सरळ विचारलं होतं, साठलेली रजा आत्ता घेणार की वर्ल्डकप झाल्यावर? आत्ता गेलास तर ट्रेनिंग हुकेल, बस खलास. बाजीराव म्हणाला, नंतर. अल खोरच्या त्या तंबूसारख्या स्टेडियमवरून जाताना त्याची छाती फुगायची. बबीताने तर सगळ्या शाळेत सांगून ठेवलं होतं.

आणि मग एका शुक्रवारी तिने मध्येच विचारलं, "आप्पा, त्यांची थोरली पोरगी कुठंय?"

बाबा निघाले तेव्हा थोरली मागे राहिली होती. गाडी सुटताना स्टेशनावर उभी राहून हात हलवत होती. हा प्रसंग बाजीरावाने कधीच रंगवून सांगून टाकला होता. त्यानंतर तो हत्तीकडे गेला, पण बबीता त्या स्टेशनावरच थांबली होती.

"पुढच्या वेळी सांगतो," तो म्हणाला.

शनिवारी साहेब लंडनच्या भाषणाची तालीम करून दमले, तेव्हा बाजीरावाने विषय काढला. "साहेब, ती थोरली. तिला भेटले का बाबा परत जाऊन?"

साहेबांनी पाण्याची बाटली खाली ठेवली. "नाही, बाजीराव. वर्षभर फिरून ते इंग्लंडला पोचले, तिथे कळलं की ती आजारी आहे. आई आणि मधली बहीण लगेच बोटीने निघाल्या. त्या समुद्रात असतानाच ती गेली. बाबा इंग्लंडात एकटे. त्यांना तार आली."

बाजीरावाचं नेहमीचं वळण चुकलं. बरंच पुढे जाऊन त्याने गाडी वळवून घेतली.

"तुमच्या नाटकात न्हाई ते," बाजीराव शेवटी म्हणाला.

"हसवायचा कार्यक्रम आहे ना. पण खरं मोठेपण पुढेच आहे. त्या दुःखात बसून त्यांनी या प्रवासाचं पुस्तक लिहिलं. लोक ते वाचून आजही हसतात."

एवढ्या काळजाचा माणूस बाजीरावाने ऐकला नव्हता. आपल्या पोरीची तार खिशात आणि दुसऱ्यांच्या पोरांना हसवायचं! बाबांबद्दलचा आदर दुप्पट झाला, पण शुक्रवारची धास्ती त्याहून मोठी होती. बबीताला काय सांगायचं? बाप परत येईपर्यंत वाट बघणारी एक पोरगी होती आणि बाप वेळेत आला नाही, हे कुठल्या तोंडाने?

शुक्रवारी त्याने फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं. बाबांची बोट अमेरिकेच्या धक्क्याला लागली. थोरली धावत आली. बाबांच्या मिशा तिच्या गालाला टोचल्या, म्हणून ती हसली, आणि बाबा रडले.

बबीताने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बरं झालं, आप्पा," ती म्हणाली. "लई बरं झालं. पोचले एकदाचे." मग आईच्या हातात फोन देऊन ती बाहेर पळाली.

फुलाबाईने दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली केला. "कामून खोटं सांगितलं तिला? तिच्या शाळेतल्या बाईंनी मंगळवारीच मोबाईलवर हुडकून थोरलीचं समदं सांगितलंय. दोन दिवस नीट जेवली न्हाई पोरगी. अन् मला म्हणती, आप्पांना सांगू नको, त्यांना तितं एकल्याला वाईट वाटंल."

आपण पोरीला सांभाळतोय असं बाजीराव समजत होता, आणि बारा वर्षांची पोरगी तिकडून त्याला सांभाळत होती. त्याला स्वतःची लाज वाटली आणि तिचा अभिमानही वाटला.

"बबीला दे," तो म्हणाला.

ती आली. डोळे पुसून आली होती, ते दिसत होतं.

"बबे, मी येतोय. पोळ्याच्या आधी."

"अन् खेळाडूंची बस?"

"ती चालवंल दुसरा कुणीतरी."

"मी शाळेत सांगितलंय समद्यांना."

"आता सांग, आप्पा घरी येनारेत."

मग बारीक आवाजात तिने विचारलं, "आप्पा, हे तरी खरं हाय का?"

बाजीराव उठला. फोन बंद न करता, तसाच हातात धरून तो उन्हातून कॅम्प बॉसच्या खोलीकडे चालू लागला. तिला ऐकू जावं म्हणून फोन पुढे धरला आणि दार वाजवलं.

"साब," तो म्हणाला, "मेरेको छुट्टी अभी चाहिए."