वीतभर कोरडा कापूस

बुडायला अख्खा समुद्र लागतो असं कोण म्हणतं? वीतभर फट पुरते. आणि ती आपल्याच हातची असली, तर मग बघायलाच नको.

परवा नवरा-बायकोनं मिळून होडीच्या फटी भरल्या होत्या. कापूस पाणी अडवणाऱ्या राळेत भिजवायचा, फळ्यांमधल्या फटीत ठोकायचा, वरून रंग ओढायचा. डावी बाजू त्याची, उजवी तिची. राळेचा डबा अर्धा-अर्धा वाटून घेतलेला, आणि दुकान दीड दिवसाच्या वाटेवर. वीतभर फट उरली नि तिची राळ संपली. तिनं कोरडाच कापूस दाबला, वर रंग फासला. म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी ती पाण्याला गेली, तेवढ्यात मासळी आल्याची हाकाटी झाली आणि नवरा होडी ढकलून गेलासुद्धा. आठ दिवस घरातल्या डब्यांत खडखडाट. तो थांबतोय होय!

दुपारी वारा फिरला. एकेक होडी वाळूला लागली. त्याची नाही.

"तोंड का गं असं पांढरंफटक?" सासूनं विचारलं.

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणे! तो काय पहिल्यांदा गेलाय?" म्हातारी बोलली खरी, पण हातातल्या जाळ्याची तीच गाठ तिसऱ्यांदा सोडून बांधत होती.

ही पाण्याच्या कडेनं येरझारा घालू लागली. सांगावं तर सासू इथंच कोसळेल, न सांगावं तर जीव गुदमरतोय. देवा, माझे हात झडू देत, पण त्याला आण!

उन्हं कलल्यावर होडी दिसली, काठापर्यंत पाण्यात बसलेली. चार वल्ही मारायची नि डब्यानं पाणी उपसायचं, असं त्याचं चाललं होतं. ती कमरेएवढ्या पाण्यात धावली.

"माझं चुकलं! उजवीकडं वीतभर कापूस कोरडाच भरला मी. राळ संपली होती हो!"

त्यानं उपसायचा डबा खाली ठेवला.

"उजवीकडं? अगं, फुटली ती डावी. माझीही राळ संपली होती. म्हटलं, तू कावशील."

"अरे, मासळी किती?" काठावरून सासू ओरडली.

"टाकली सगळी, होडी हलकी करायला!" मग तो बायकोला हळूच म्हणाला, "म्हणजे उद्या जायलाच हवं. आणि तुझी फट अजून फुटायचीय."