महादेवामागच्या भांगेचा कौल

"सर, भांगेच्या झाडाला घाम का सुटतो?"

भर तासाला उभं राहून सुवर्णाने हे विचारलं. पैज तिच्या बाकावरच्या अंजलीने लावली होती. विचारलंस तर भेळ, नाही तर आठवडाभर माझं दप्तर उचलायचं. सहामाहीत विज्ञानात पहिली आल्यापासून सुवर्णाचा आवाज इतका मोकळा झाला होता की पैज नसती तरी तिने विचारलंच असतं. पण भेळ कोण सोडतं?

दहावीचा वर्ग फिस्सकन हसला. रंगनाथ सरांनी खडू खाली ठेवला.

"तुझ्या ओळखीत आहे वाटतं असं झाड?"

"साऱ्या वाडीच्या ओळखीत आहे सर. परवा सोमवारी तुम्हीसुद्धा थेंब चाटून गेलात."

सर खोकले. "बोर्डाला येत नाही हे," म्हणाले खरे, पण तास संपल्यावर प्रयोगशाळेतलं भिंग त्यांनी तिच्या हातात ठेवलं. "नीट बघ. आणि माझं नाव घेऊ नकोस."

नाशकाजवळ मखमलाबादच्या रस्त्यावरच्या सुवर्णाच्या वाडीत महादेवाच्या देवळामागे ते झाड होतं. गेल्या शिवरात्रीला कुणीतरी भांग वाटून चोथा तिथे फेकला, त्यातलंच बी रुजलं. पौषात पानांवर चिकट, गोड थेंब दिसू लागले. देवळाची झाडलोट करणारी भागीबाई म्हणाली, "देव पाझरतोय," आणि दर सोमवारी रांग लागली. बोट लावायचं, जिभेवर ठेवायचं, डोळे मिटायचे.

सुवर्णाचे वडील कोंडाजी गुलाब आणि शेवंती पिकवायचे. पिकावरच्या रोगात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. चालत्या सायकलवरून पान बघून ते औषध सांगत. पण या झाडापाशी आले की चपला काढत आणि हात जोडून डोळे मिटत, त्यामुळे बघायचं राहूनच जाई. लोक बेल वाहत. कोंडाजी सेवा म्हणून मुळाशी मूठभर युरिया टाकत.

सुवर्णाने पान उलटं केलं, भिंग लावलं, आणि तिचा जीव हरखला. पानाच्या पाठीवर हिरवट किड्यांची जत्रा भरली होती! सोंड शिरेत खुपसून सगळे रस ओढत होते. मध्येच एखादा मागची बाजू वर करी, तिथे टपोरा थेंब फुगे आणि टपकन खालच्या पानावर पडे. मुंग्या रांगेने तो प्यायला हजर होत्या. माणसांची रांग सोमवारची, मुंग्यांची रोजची, एवढाच फरक.

आता पुरावा हवा. तिने खालच्या फांद्यांपैकी उजवीकडची, आणि त्या फांदीच्या वर येणारी पानं, ओल्या फडक्याने पुसून किडे काढले. डावीकडच्या फांदीला हात लावला नाही. दोन दिवस रोज शाळेतून येताना तिने पाहिलं. उजवी कोरडी ठणठणीत, डावी चिकट. तिला नाचावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी शिवरात्र होती. कोंडाजी आंघोळ करून, दोन ताटल्या घेऊन देवळामागे आले. मागे आई, यशोदाबाई. आणि मागे अख्खी वाडी.

"पोरीच्या शिक्षणाचा कौल लावतोय," त्यांनी जाहीर केलं. एक ताटली उजव्या फांदीखाली ठेवली, एक डाव्या. "उजवीत पहिला थेंब पडला तर नाशकात कॉलेज. डावीत पडला तर दहावी बास. घरी फुलं तोडील, तोवर स्थळ बघू."

सुवर्णाने दोन्ही फांद्यांकडे पाहिलं. तिचा प्रयोग यशस्वी झाला होता आणि त्यातच तिचं कॉलेज बुडणार होतं. पुसायचीच होती तर डावी का नाही पुसली!

"नमस्कार कर गं," आई कुजबुजली. "उजवीतच पडंल."

टप्. डावीत.

भागीबाईने उसासा टाकला. कोंडाजींचा चेहरा उतरला. "देवाची मर्जी. आपल्या हातात काय नाय, पोरी."

"आप्पा, देवाचा शब्द नीट बघून तरी घ्या," सुवर्णा म्हणाली. तिने डावं पान उलटं केलं आणि भिंग त्यांच्या डोळ्यासमोर धरलं.

"मावा!" कोंडाजी ओरडले. सवयच ती. "लय बसलाय की! अन् पालवी बघा कशी लुसलुशीत. युरिया जास्त झालाय. कोण्या गाढवानं टाकला?"

सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडेच वळल्या.

"दर सोमवारी मूठभर," यशोदाबाई पदराआडून म्हणाल्या. "सेवा म्हणून."

कोंडाजींनी आधी झाडाकडे, मग ताटलीतल्या थेंबाकडे पाहिलं. गर्दीत कुणीतरी हळूच थुंकलं. आतापर्यंत आपण काय चाटलं याचा हिशेब ज्याचा तो करत होता.

"देवाचा मावा असंल," भागीबाईने प्रयत्न केला. कोंडाजींनी मान डोलावली नाही.

सुवर्णाने भिंग ओढणीला पुसलं. तिचा आवाज वर्गातल्यासारखाच मोकळा निघाला.

"आप्पा, आई, मी अकरावीला सायन्स घेणार. नाशकातच. आणि पुढे किड्यांचंच शिकणार. तरी कौल लावायचाच असेल, तर आधी फवारणी करा आणि मग लावा."